डागकाकांच्या लेकीचा पहिला तपास

गेली सत्तावीस वर्षं डागकाका लाँड्रीच्या मागच्या खोलीत लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढत आले. शाई, गंज, लिपस्टिक, काय वाट्टेल ते. डाग किती जुना एवढंच ते विचारत. कुठून आला, हे कधीच नाही. म्हणून अर्धी गल्ली निर्धास्तपणे मळत असे.

मग लेकीला कॉलेजची सुट्टी लागली आणि खऱ्या खुनांच्या डॉक्युमेंटरींचं वेडही. महिन्याभरात चाळीस खून पचवून ती दुकानात मदतीला आली, ती रबरी हातमोजे घालूनच.

"बाबा, तू रोज पुरावे नष्ट करतोस, कळतंय का तुला?"

"मी रोज पोट भरतो, बाई."

मंगळवारी सकाळी पियानो मास्तरांनी पांढरा कोट टाकला. उजव्या बाहीवर तांबडा डाग. काका औषधाची बाटली घ्यायला वळले, तोवर कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद! वर चिठ्ठी: ‘हात लावू नये’.

"अगं, उद्या कार्यक्रम आहे त्यांचा!"

"आणि रक्त असलं तर?"

"वाळलेलं रक्त बोटाला चिकटत नाही. हे चिकटतंय. काहीतरी गोड आहे."

पण ऐकेल ती पोरगी कसली! संध्याकाळी मास्तर आले, तशी तिने टेबलावरचा दिवा थेट त्यांच्या तोंडावर वळवला. "सोमवारी रात्री आठ वाजता कुठे होता?"

काकांना धरणी दुभंगावी असं वाटलं. मास्तर मात्र मटकन खाली बसले.

"स्वयंपाकघरात," ते पुटपुटले. "एकटाच होतो. चेरीचा जॅम... चमच्याने. अख्खी बरणी. माझी शुगर तीनशे आहे गं. हिला कळलं तर घरात राहणं मुश्कील होईल."

ते गेल्यावर काकांनी लेकीला बजावलं, "बोललीस ना कुठे, तर बघ! माणसं विश्वासाने येतात इथे."

दुसऱ्या दिवशी कोट न्यायला आल्या त्या नेमक्या मास्तरीणबाई. बाही उजेडात धरून म्हणाल्या, "मी बघितला होता डाग. कसला होता गं?"

काकांच्या हातातली इस्त्री अधांतरी राहिली. लेकीचा चेहरा फुलला होता. आयुष्यातला पहिला तपास, तोही कबुलीजबाबासकट! सांगायला जीभ नुसती वळवळत होती. तिने एकदा बाबाकडे पाहिलं.

"पियानोचं तेल होतं, काकू. गंजलेलं. जुने पियानो फार घाण करतात."

"तरी मी म्हणतच होते!" बाई कडाडल्या. "आजच विकते ते धूड!" आणि कोट खांद्यावर टाकून तरातरा निघाल्यासुद्धा.

काकांनी घाईघाईने इस्त्री बंद केली. "पळ," ते म्हणाले, "त्यांच्याआधी मास्तरांना गाठ!"