पेल्याखालची ज्योत

नोव्हेंबरात आईच्या कबरीवर लावलेली मेणबत्ती वाऱ्याने विझली, की त्या वातीच्या वासासरशी मी चर्चमागच्या बालवाडीत जाऊन बसते. त्या दिवशी बाईंनी बशीत मेणबत्ती पेटवली, तर आम्ही सगळ्यांनी सवयीने उठून क्रूसाची खूण केली. बाई हसल्या, "अरे, प्रार्थना नाही, प्रयोग आहे!" राजोडीच्या समुद्राकडचा वारा ज्योत टिकू देईना, म्हणून त्यांनी दार-खिडक्या लावून घेतल्या आणि मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घातला. ज्योत बारीक झाली, निळी पडली, विझली. "आतली हवा संपली," बाई म्हणाल्या. मी दाराकडे पाहिलं. कडी माझ्या हातापासून कितीतरी उंच होती आणि खोलीत आम्ही एवढे सगळे श्वास घेत होतो. मी तोंड गच्च मिटून धरलं, शेवटी न राहवून किंचाळले, "बाई, दार उघडा!" बाईंनी दार सताड उघडलं, मला उंबऱ्यात उभं केलं आणि बाहेर पायरीवर मेणबत्ती पुन्हा पेटवली. "बघ, बाहेर केवढी हवा आहे!" वाऱ्याने ती तिथेही विझली. बाई ओशाळल्या, मी मात्र उंबऱ्यातच थिजले, ना आत जाववेना, ना बाहेर. आजही कबरीपाशी ज्योतीभोवती तळवे धरते; सैल धरले तर वारा आत शिरतो, आणि घट्ट मिटायला हात धजत नाहीत.