कॅनडाच्या माळाची चांदी

सिरसाळ्यात बसून कॅनडाच्या माळरानाची काळजी वाहणारा एकच माणूस जगात झाला आणि तो माझ्या बायकोचा चुलता निघाला, हे माझं भाग्य. काका अडतीचे व्यापारी. बाजार खुला झाला, गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ निघाले, त्या दिवसांत त्यांचा भाचा कॅनडात नोकरीला लागला. बाकीच्यांनी त्याच्याकडून घड्याळं, सेंट मागवले. काकांनी मागवली नाणी, तीही खर्चायची नव्हेत. तिकडच्या ओसाड गवताळ मुलखात माणसं येऊन कशी वसली, त्याची आठवण म्हणून चांदीत पाडलेली. ती मखमली पेटी ते हात धुतल्याशिवाय उघडत नसत आणि पाहुण्याला चहाच्या आधी दाखवत. एका नाण्यावरची ओंबी बघून म्हणाले, "दाना भरलाय, पन कापनीला जरा येळ हाय." दुसऱ्यावर बैल नांगर ओढत होते. ते बघून त्यांना जेवण गेलं नाही. शेवटी बूथवर जाऊन भाच्याला फोन लावला, "जू लई पुढं आलंय रे, खांदे सोलतील. तिकडल्या सरकारला कळीव." बूथवाला हसला, मीही हसलो, पण चांदीच्या बैलांसाठी उपाशी राहणारा माणूस बघून मनातून मी थक्क झालो होतो.

एका नाण्याला मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. त्यावर छकडा, छकड्यात लेकरू घेतलेली बाई, आणि चहूकडे नुसतं गवत.

पुढे आम्ही गावाबाहेर माळावर प्लॉट घेतला. सगळी शिल्लक त्यात गेली. पायाभरणीच्या दिवशी बायकोने तो उजाड माळ पाहिला आणि दगडावर बसून रडायलाच लागली. "मी हितं राहनार न्हाई. हाक मारली तर ओ कोन देनार?" मुहूर्त टळायला आला, गुरुजी ताटकळले. काका स्कूटरवरून घरी गेले आणि पेटी घेऊन आले. ते छकड्याचं नाणं त्यांनी पुतणीच्या तळहातावर ठेवलं.

"कावून रडती पोरी? हिला बी असंच वाटलं असंल. पन उतरली न्हवं गाडीतून?"

तिने ते उलटसुलट करून बघितलं. मग पदर खोचून स्वतःच पायाच्या खड्ड्यात उतरली आणि शकुनाचा रुपया ठेवतात तिथे तिने ते नाणं ठेवलं.

पेटीतल्या रिकाम्या जागेबद्दल कुणी विचारलं, की काका तोऱ्यात सांगत, "ते कामावर गेलंय."

काका जाऊन बरीच वर्षं झाली. माळावर आता घराला घर लागलंय. नवं बिऱ्हाड आलं, की सामान उतरायच्या आत माझी बायको चहाची किटली घेऊन त्यांच्या दारात उभी असते. तेव्हा मला काकांची फार आठवण येते.