आंबेमोहराचं नाक

कामशेतच्या बाजारात तांदळाची प्रत ठरवणारा एक माणूस होता. मूठभर तांदूळ घ्यायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायचा आणि मूठ नाकाशी धरून डोळे मिटायचा. तेवढा वेळ माल विकत घेणारे शेटजीसुद्धा गप्प बसत. एवढी शांतता मी देवळातही पाहिली नव्हती.

एकदा पवनेकाठच्या एका बाईचा आंबेमोहर शेटजी जाड्या तांदळाच्या ढिगात टाकायला निघाले. "याला वासच नाही," ते म्हणाले.

"आधी नाक तरी खाली आना, शेट," बाई म्हणाली आणि पोत्याचं तोंड मोकळं सोडून लांब उभी राहिली.

प्रत ठरवणाऱ्याने मूठ नाकाशी धरून डोळे मिटले. "आंबेमोहर," एवढंच म्हणाला. शेटजींना मान डोलवावी लागली.

नंतर चहा पिताना मी त्याच्या नाकाची तारीफ केली.

"नाक मानमोडीच्या तापातच गेलं, गुरुजी. कुनाला बोलू नका, न्हाईतर हितनं उठावं लागंल."

"मग डोळे मिटून काय करता?"

"पुरते मिटत न्हाई. मान्साचा हात बघतो. भेसळवाला पोत्याचं तोंड सोडत न्हाई."

माझा विश्वास बसला नाही. म्हणून त्याच पोत्यातला शेरभर तांदूळ घरी नेला. शिजताना वास शेजारच्या ओसरीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याला हळूच तसं सांगितलं.

तो सुटल्यासारखा हसला. मग मूठ तशीच नाकाशी धरून त्याने विचारलं, "कसा येत हुता?"

इतकी पुस्तकं वाचलेल्या मला ते सांगता आलं नाही.