मामाच्या गाडीचा वायपर

भुतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, ज्यांचा होता त्यांचा मला रागच यायचा. खामगावात माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. पेटीतून भलतीच खरखर आली की लोक म्हणायचे, बाहेरचं काहीतरी शिरलं. मी मागचं झाकण काढून आतली मेलेली पाल दाखवायचो. त्यामुळे जानेफळहून मामेभावाचा निरोप आला, की मामाच्या गाडीचा वायपर आपोआप हलतो, तेव्हा मी हसलो आणि पक्कड-पाना पिशवीत टाकून एसटीत बसलो.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं आणि त्या गावात मोटार म्हणजे मामाची एकच. मामा मेहकरच्या कोर्टात वकील. सकाळी ती जुनी काळी गाडी घेऊन निघायचा, दिवेलागणीला परत यायचा. मामी ओसरीवर भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन तयार असायची. बाहेरून आलेल्या माणसावरून तुकडा-पाणी ओवाळून टाकायचं आणि मग त्याला घरात घ्यायचं. वाटेत काही मागे लागलं असेल तर ते बाहेरच राहावं म्हणून. मामाची गाडी दिसली की तिचा पदर डोक्यावर यायचा. आम्हा भाच्यांसमोर मात्र ती उघड्या डोक्यानंच वावरायची. आम्हाला तिनं न्हाऊमाखू घातलेलं, आमच्यापुढे कसला आलाय पदर.

आदल्या श्रावणात मामा असाच परत आला. झड लागली होती. गाडी अंगणात थांबली, इंजिन बंद झालं, वायपर तेवढा चालू राहिला. मामी तुकडा घेऊन ओसरीवर उभी. काचेआडून मामा तिच्याकडे बघत होता. तिला वाटलं, पाऊस ओसरायची वाट बघताहेत. म्हणून तीही थांबली. वायपर काच पुसत राहिला आणि मामा बघत राहिला. तो बसल्या जागी केव्हाच गेला होता, हे पाऊस थांबल्यावर कळलं.

तेव्हापासून गाडी अंगणात तशीच उभी. मामेभाऊ अधूनमधून ती चालू करून बघायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. आणि संध्याकाळी, आभाळात ढगाचा तुकडा नसताना, वायपर हलायचा. एकदाच वर यायचा आणि काचेच्या मध्यावर थांबायचा. कामवाल्या बाईनं घर सोडलं. गवळी फाटकातूनच आवाज द्यायला लागला. मेहकरच्या फिटरनं दोनदा बटण खोललं आणि म्हणाला, "याच्यात वायरिंगचं काम नाही, तुमी शांती करा." मामेभावाला गाडी विकायची होती, पण अशी गाडी घेणार कोण?

"तेवढं बसवून दे, बे," तो मला म्हणाला. "मंग विकून टाकतो. माह्या आईचं डोकं फिरून राह्यलं त्या गाडीपायी."

मी हत्यारं काढत होतो तेवढ्यात मामीनं मला चुलीपाशी बोलावलं.

"बाबू, त्याले हात नको लावू."

"काऊन, मामी?"

"त्या दिवशी ओवाळाचं राह्यलं माह्याकडून. तसेच गेले ते, घरात न येता. आता रोज दिवा लावला का मी जाऊन ओवाळतो, तवा ते हात हालवतात. उतरत मात्र नाहीत." ती चुलीकडे बघत बोलत होती. "तू ते बंद केलं तर मी कोणाले ओवाळू?"

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त चीड आली. शिकल्यासवरल्या घरात हे काय चाललंय? मी उठून गाडीकडे गेलो.

जुन्या धाटणीची गाडी. वायपरला करंट थेट बॅटरीतून, किल्लीचा संबंध नाही. बटण फक्त मोटरची तार गाडीच्या पत्र्याला जोडायचं. म्हणजे ती तार कुठंही उघडी पडून पत्र्याला टेकली तर वायपर चालणार. गोष्ट साधी होती, पण कुठं टेकते तेच सापडेना. दोन वायरींचा बल्ब घेऊन दिवसभर तपासलं. बटण चांगलं, फ्यूज चांगला. दार आपटलं, सीटवर उड्या मारल्या, गाडी गदागदा हलवली. वायपर ढिम्म. माझं डोकं तापलं.

ऊन उतरलं तरी मी पुढच्या सीटसमोर, डॅशबोर्डखाली पाठीवर पडून बटणाच्या मागं चाचपत होतो. बाहेर पावलं वाजली. पाणी सांडलं. काहीतरी मातीत पडलं. मग कुणीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं आणि माझ्या डोक्यावर वायपर कर्रकन हलला.

त्याच क्षणी माझ्या नाकापुढे ठिणगी उडाली. काचेखालच्या पत्र्याला भोक होतं, त्यातून तार जात होती आणि भोकाचं रबर कुजून गेलं होतं. मी बाहेर सरकून मान वर केली. काचेपलीकडे, अगदी खालच्या कडेला, दोन तळहात पत्र्यावर दाबलेले होते. ते उचलले गेले आणि कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. मामी अलाबला घेत होती. तिनं हात दाबले की पत्रा दबायचा आणि तार टेकायची. कारण माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

सकाळी मी नवं रबर बसवलं, तारेला पट्टी गुंडाळली. स्वतःचे तळहात ठेवून, अंगाचा भार टाकून पाहिलं. काही हललं नाही. मामेभाऊ खूश होऊन गिऱ्हाइकाला सांगायला मेहकरला गेला. मलाही दुपारची एसटी होती. मी गेलो नाही. पाय निघेना.

दिवेलागणीला मी मामाच्या जागेवर बसून बटणाचा राहिलेला स्क्रू आवळत होतो, तेव्हा मामी आली. काचेवर धूळ होती, उजेड गेलेला. तिनं तुकडा-पाणी ओवाळलं आणि पत्र्यावर हात दाबले. वायपर हलला नाही. तिनं पुन्हा दाबले. मग तिसऱ्यांदा, जोरानं.

"काऊन हो?" ती हळूच म्हणाली. "गेले का?"

मला ते सहन झालं नाही. मी बटण फिरवलं.

वायपर सुरू झाला. एकेका फेऱ्याबरोबर काचेवरची धूळ बाजूला झाली आणि मला तिचा चेहरा दिसायला लागला. तिला माझा दिसला असणार. नाक-कपाळ माझं मामावर गेलंय, हे सगळेच म्हणायचे. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"पाऊस गेला," ती म्हणाली. "उतरा आता."

पाऊस नव्हताच. मामी, मी आहे, असं सांगायला हवं होतं. मी दार उघडून उतरलो. तिनं दुसरा तुकडा आणून माझ्यावरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मी पायरी चढल्यावर ती मागे गेली आणि खिडकीतून हात घालून तिनंच बटण बंद केलं.

जेवायला बसलो तेव्हा मामेभाऊ भीतभीतच म्हणाला, "आई, गिऱ्हाईक उद्या येते."

"देऊन टाक," मामी म्हणाली. "आता त्या गाडीत कोणी नाही."

ती भाकरी घेऊन वाढायला आली. आधी लेकाला वाढली. माझ्या ताटापाशी आल्यावर तिनं डोक्यावर पदर घेतला, आणि मग वाढली.