पडदामावशी आणि उजेडातलं दूध

पडदामावशी घरी आल्या की यजमानांनी आधी बाटल्या लपवायच्या, असा आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत रिवाज होता. चहा मिळाला काय, न मिळाला काय, त्यांना फरक पडत नसे. मात्र खिडकीत दूध किंवा सरबत काचेच्या बाटलीत दिसलं की त्या तडक उठायच्या आणि हाताला लागेल ते त्यावर टाकायच्या. नॅपकिन, उशीचा अभ्रा, एकदा तर माझं बनियन. एका दुग्धशाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं दूध तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या. मला म्हणायच्या, “उजेड माणसांना दे रे मेल्या. दुधाला कशाला?”

मी तेव्हा पन्नाशीचा, सोसायटीचा सेक्रेटरी. मावशींच्या लेखी मात्र निव्वळ त्या बनियनचा मालक.

गेटजवळ नयनाची टपरी होती. पहाटे दूध आटवून, वेलची-केशर घालून ती काचेच्या बाटल्यांत भरायची, आणि त्यावर तिचं घर चालायचं. मग तिने काचेच्या दाराचा फ्रिज घेतला आणि गिऱ्हाइकं नाकं मुरडू लागली. दूध म्हणे ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. नयनाने वेलची बदलली, दूधवाला बदलला. खप घटला तसा माल उठून दिसावा म्हणून फ्रिजमध्ये आणखी एक ट्यूब लावली. खप आणखी घटला, तर तिने तिसरी लावली. शेवटी त्या फ्रिजसमोर उभं राहिलं की आपल्याला कुणीतरी लग्नाच्या मांडवात बोलावलंय असं वाटायचं.

तक्रारी कमिटीकडे आल्या. रविवारच्या मीटिंगमध्ये ती जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायची, असं जवळजवळ ठरलंच होतं.

हे कळताच शनिवारी सकाळी मावशी टपरीवर हजर झाल्या. एकाच पातेल्यातल्या दुधाच्या सहा बाटल्या भरून घेतल्या. तिघींना पोळ्या गुंडाळायची फॉइल नखशिखांत नेसवली, तिघींना तसंच ठेवलं आणि सगळ्या त्याच फ्रिजमध्ये शेजारी शेजारी उभ्या केल्या.

रविवारी आम्हा पाच कमिटीवाल्यांना ओळीत बसवून डोळे मिटायला लावलं. प्रत्येकाला दोन पेले. पाचही जणांनी बिनफॉइलच्या बाटलीतल्या दुधाचा पेला बाजूला सारला. तक्रारीत सगळ्यात पुढे असलेल्या खजिनदारांनी तर दुसरा पेला पुन्हा भरून मागितला.

“पातेलं एक, फ्रिज एक,” मावशी म्हणाल्या. “दुधातलं बी-टू जीवनसत्त्व उजेडात मोडतं, आणि मोडता मोडता चवीची पण वाट लावतं. पोरीचा हात चांगलाच आहे. तिचा दिवा काढा, तिला नका काढू.”

नयना रडवेली झाली होती, तरी तिने शंका काढलीच. “पण मावशी, अंधारात ठेवलेलं दूध कोण घेणार? लोक म्हणतील शिळं आहे.”

मावशींनी जुने काळे परकर फाडून बाटल्यांना झालरीसकट कव्हरं शिवली. परकर घातलेलं दूध बघायला पार दिंडोशीहून लोक आले. मोबाइलवालाही येऊन बघून गेला आणि एक बाटली पिऊन गेला.

त्या मीटिंगनंतर जिना चढताना मी मावशींना विचारलं, तुम्ही स्वतः एकही घोट का घेतला नाहीत? त्या दोन पायऱ्या चढून थांबल्या.

“दोन वर्षांमागे ताप आला ना, तेव्हा चव गेली ती गेली. मला दूध काय नि पाणी काय. नयनाला बोलू नकोस हां. रोज पहिली बाटली मला आणून विचारते, कशी झाली. मी काहीतरी खोट काढते. नुसतं छान म्हटलं तर तिला संशय येईल.”

गेल्या वर्षी मावशी लेकाकडे मुलुंडला राहायला गेल्या. त्या गाडीत बसत असताना नयनाने बाटली पुढे केली. मावशींनी ती शेवटच्या थेंबापर्यंत संपवली, ओठ पुसले आणि भुवया आवळून म्हणाल्या, “वेलची जरा जास्त झाली गं.”

दुसऱ्या दिवसापासून नयनाने वेलची कमी केली. दूध खरंच आणखी झकास लागू लागलं. मी तिला अजून काही बोललेलो नाही.