आहे तितकाच लाल

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मंडळाच्या पडद्यावर आभाळ रंगवत होतो, चांगल्या तीन मजली उंच शिडीवर उभा राहून. पाहणारे सांगतात शिडी साधीच होती. पाहणाऱ्यांना उंचीतलं काय कळतं. "भाऊजी, हे गेले…" एवढंच ऐकू आलं. आभाळ अर्धं राहिलं. महिना उलटला, मंडळाची पोरं विचारून थकली, पण तो निळा डबा उघडायला हात जात नाही.

गेला तो भालचंद्र, म्हणजे आमच्या लालबागच्या चाळीतला भाल्या, समुद्राचा डॉक्टर होता. पीएच.डी.वाला डॉक्टर, पण चाळीत असले बारकावे चालत नाहीत; शेजारच्या काकू त्याला गुडघा दाखवायच्या. हवा तापतेय, समुद्र चढतोय, तर मुंबईचा कुठला किनारा आधी मोडेल, हे तो शोधायचा. त्यासाठी ओहोटीला गमबूट चढवून शिवडीच्या बाजूला तिवरांच्या झाडीत, चिखलात उतरायचा. एकदा मीही गेलो. चिखलाने माझा बूट असा गिळला की तो थेट उरणला निघाला असणार. भाल्या शांतपणे म्हणाला, "पेंटर, गुडघ्याइतका होता रे चिखल." हा त्याचा जन्माचा रोग. मी फुगवायचं, त्याने टाचणी लावायची.

गिरणी संपाच्या वेळी आम्हाला नुकतं मिसरूड फुटलं होतं. मी मोर्च्यांसाठी इतकं लाल कापड रंगवलं की लालबागला पार काळाचौकीपर्यंत गुंडाळून वर पदर उरला असता. भाल्याचे वडील, तात्या, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संप सगळ्यांवर सारखाच आला, पण खोल्या सारख्या मोडल्या नाहीत. ज्यांचं कोकणात घर होतं त्यांनी बायकापोरं गावी धाडली. तात्यांना गाव उरलं नव्हतं. भांडी गेली, मग ताईचं शिक्षण गेलं… भाल्या कठड्याला टेकून नुसता बघत राहायचा. पुढे तात्यांची गिरणी 'आजारी' ठरली आणि तात्या चक्क खूश झाले! "आजारी म्हटलंय ना, आता औषध करतील." औषध कुणी केलं नाही. जागेला गिऱ्हाईक आलं. आज तिथे काचेची इमारत आहे, इतकी उंच की वरच्या मजल्यावर पाऊस खालून पडतो.

हे सगळं भाल्याच्या अंगावर आलं ते फार वर्षांनी. त्याने किनाऱ्याचा नकाशा केला होता. हिरवा म्हणजे तगेल, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे मोडायला आलाय. मंगलमावशींची कोळीवस्ती आणि तिच्यासमोरची खाडी लाल आली. एका सरकारी कार्यालयाने तेवढाच लाल उचलला आणि ठरवलं, जागा धोक्याची, वस्ती हलवा. कुठे? जिथून समुद्र दिसतही नाही अशा इमारतींत. सुनावणी तोंडावर आली तशी मावशी भाल्याच्या खोलीत येऊन बसल्या. आमच्या बाजारात मासळी विकणारी बाई, आवाज असा की बोंबील सुकायच्या आधी दचकावेत. त्या दिवशी मात्र हळू बोलल्या. "भालू, माझ्या हातचा जवला खाऊन मोठा झालास ना? तो लाल पिवला कर. काय जातंय तुझा?"

"कर रे," मी म्हटलं. "पिवळा मी फुकट देतो."

भाल्या कपाकडे बघत होता. "पिवळा केला की खाडीच्या तोंडावरचा भराव कोण थांबवणार? समोरून पाणी चढतंय, तिवरांना मागे सरकायचंय, आणि मागे हे माती टाकतायत. गाव नाही त्यांना, मावशी. तिवरं मेली की तुमचा जवळाही गेला."

"आनी लाल ठेवलास तर मी गेली."

चहावर साय धरली. मावशी पाटी उचलून निघून गेल्या. एवढी वर्षं भाल्याशी भांडलो, पण त्या दिवशी भांडायला तो समोर बसूनही खोलीत नव्हताच. दुसऱ्या सकाळी माझ्या रंगाच्या शेडमध्ये आला. "पेंटर, मोठा मांजरपाट आहे?"

सुनावणीत पडद्यावर त्याचाच नकाशा झळकला. साहेब अगदी गोड. "सर, तुमचाच अभ्यास आहे. आम्ही विज्ञान पाळतोय."

"पूर्ण पाळा," भाल्या म्हणाला आणि मला खूण केली. मी मांजरपाट भिंतभर सोडला. तोच नकाशा, तोच लाल. फक्त खाडीच्या तोंडावर आणि तिवरांच्या पाठीशी जाड काळे पट्टे होते.

"हे काळं आमच्याकडे नव्हतं."

"अहवालात होतं. तुम्ही रंगाचं पान तेवढं काढलंत." भाल्याने काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "हा भराव आहे. लाल झालंय ते याने. आजारी म्हणताय, तर आधी औषध करा. भराव उचला, मग मी पुन्हा किनारा चालून बघतो. तरी लाल उतरला नाही, तर मीच मावशींना सांगेन, उठा."

मावशींची मान गर्रकन वळली. शेवटचं वाक्य त्याला कुणी सांगितलं होतं? मी सगळ्यांना सांगतो की साहेब खुर्चीतून पडले. त्यांनी पाणी मागितलं एवढंच. वस्ती हलवणं लांबलं आणि माती टाकणं थांबलं… टाकलेली उचलली मात्र नाही. पुढली सुनावणी कधीतरी लागणारच होती. भाल्या त्या धास्तीत किनारा चालत राहिला, छातीत दुखत असतानाही.

परवा मावशींनी बोलावलं. नवे साहेब येणार आहेत. मच्छीमार सोसायटीच्या खोलीत टांगलेला मांजरपाट उन्हाने विटलेला. "चांगला भडक मार, पेंटर. साहेबाचे डोले दिपू दे." मी लाल डबा उघडला, ब्रश भरला. असा भडक मारला असता की पलीकडच्या किनाऱ्यावर गाड्या थांबल्या असत्या! पण कडेची दुमडलेली घडी उलगडली तर आत मूळचा लाल शाबूत होता, भाल्याने शेजारी उभं राहून कालवून घेतलेला. त्याच्याशी जुळेपर्यंत रंग कालवत बसलो.

"एवढाच?" मावशींनी विचारलं.

"आहे तितकाच."

मावशी पदर खोचून काळ्या पट्ट्याजवळ उभ्या राहिल्या. "बरा. लाल कशान झाला, ते साहेबाला मी सांगते."