गंगूचं बोलणं

तारामावशी सरकारी पाकिटाला घाबरायची. पाकीट आलं की आधी देवापुढे ठेवायची, मगच उघडायची. जामबागेतल्या ज्या मूकबधिर शाळेत ती आणि मी शिकवायचो, ती अनुदानावर चाले, आणि एक्याण्णवच्या आर्थिक धोरणानंतर दरवर्षी एकच आवई उठे: सरकार आता हात आखडता घेणार.

त्र्याण्णव साली तपासणी ठरली तेव्हा मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. काम दिसायला हवं म्हणून तिने गंगूला पुढे केलं. सात वर्षांची गंगू जन्मापासून ठार बहिरी. बाप अंबाजी हिमायतनगरात हमाली करायचा. अनुदानाच्या यादीतून नाव गेलं की पोर घरी बसणार. तीन वर्षं खपून मावशीने तिला ओठ वाचायला आणि बोलायला शिकवलं होतं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "नाम क्या है तेरा?" गंगूने ओठ पाहून नाव सांगितलं. मावशी फुलली. साहेबांच्या कपाळाला मात्र आठी. ते उठून गंगूच्या मागे गेले आणि वर्ग भरायचा त्या माडीच्या लाकडी फळ्यांवर बूट आपटून ओरडले, "गंगू!" पोरगी गर्रकन वळली. आता आमच्याकडे मुलांना बोलवायचं ते पाय आपटूनच. हादरा तळव्यांना कळतो. हे त्या शहाण्याला कोण सांगणार? मावशी सांगायला गेली, पण साहेब आधीच वहीत शेरा लिहू लागले होते.

"बच्ची तो बराबर सुन रई, बाई," ते म्हणाले. "सरकारी दवाखाने में जाँच कराओ. नै तो नाम कटता."

आठ दिवस मावशीला अन्न गोड लागलं नाही. कान तपासायचं यंत्र फसत नाही, हे ती स्वतः पालकांना समजवायची. मी तेच तिला चिडून ऐकवलं. पण भीतीपुढे अक्कल चालेना. तिने गंगूला समोर बसवलं. "बोलायचं नाही. मागे वळायचं नाही. बोललीस तर शाळा बंद." गंगूने मान हलवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कानाला यंत्र लावलं, कागदावर रेघा ओढल्या आणि बहिरेपणाचा दाखला दिला. गंगूला कुणी एक शब्द विचारला नाही. नाव राहिलं. अंबाजी मावशीच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी मावशीने वर्गात विचारलं, "तुझं नाव काय?" गंगूने ओठ घट्ट मिटले आणि साहेब तर नाहीत ना म्हणून दाराकडे पाहिलं. मावशीने खुणांनी समजावलं, पेढा दिला, शेवटी स्वतःच रडली. गंगू रोज शाळेत यायची, पहिल्या बाकावर बसायची. वर्ष संपलं तरी तिने तोंड उघडलं नाही.